यिर्काला येथील वल्कलचित्रें : मूळ कोणतें, टीका कोणती ?

(१)

ऑस्ट्रेलिया खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्नेम लँड नांवाच्या प्रदेशाच्या ईशान्य कोपऱ्यांत, यिर्काला म्हणून एक गांव आहे. तेथें १९३५ सालीं मेथॉडिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांनीं ठाणें घातलें. ह्या प्रदेशाचे मूळचे रहिवासी आपणांस योल्ङु म्हणवितात. झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनीं चित्रें काढण्याची त्यांची विद्या आज मोठमोठ्या संग्रहालयांस ठाऊक झाली आहे. ह्या चित्रांचा परिचय करून देतांना बहुधा असें लिहिण्यांत येतें कीं, हीं आदिवासींच्या सृष्ट्युत्पत्तीच्या कथांवरून स्फुरलेलीं चित्रें होत. हें वाक्य वरवर निर्दोष दिसतें; परंतु आमच्या मतें त्यांत दोन प्रमाद आहेत. ‘कथा’ हा शब्द एक, आणि ‘स्फुरलेलीं’ हा दुसरा. ताम्रपट वाचणाऱ्या, पोथ्या गोळा करणाऱ्या व वतनांचे कागद तपासणाऱ्या वाचकांस हे प्रमाद चित्रकलेच्या रसिकांपेक्षांहि लवकर ध्यानांत येतील, असें वाटल्यावरून हें विवेचन त्यांच्यापुढें ठेवीत आहों.

(२)

प्रथम साहित्याचा विचार करूं. पावसाळ्यांत झाडाला रस चढला असतां युकॅलिप्टस जातीच्या एका वृक्षाची साल सोलून काढितात, विस्तवावर धरून ती नरम करितात, आणि जड भाराखालीं दाबून सपाट करितात. रंग चार : तांबडी काव, पिवळी काव, पांढरी माती आणि काळा. प्रथम सर्व पृष्ठावर कावेचा हात देतात. मग मुख्य आकृति व विभाग आंखून घेतात. आणि सर्वांच्या शेवटीं एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी भरतात. ही जाळी भरण्याचा कुंचला ‘मार्वात’ ह्या नांवाचा असून तो माणसाच्या डोक्याच्या लांब, सरळ केंसांचा केलेला असतो. कुंचला रंगांत बुडवून संपूर्ण लांबीनें सालीवर टेकवावयाचा आणि एका ओढीनें रेषा काढावयाची. मोठ्या सालीवर अशा हजारों रेषा असतात.

साल म्हटल्याबरोबर आमच्या वाचकांस भूर्जपत्राची आठवण होईल. ब्यूलर ह्यांनीं १८७५ सालीं काश्मिरांतून मिळविलेलीं व आज पुण्यास भांडारकर संस्थेंत असलेलीं शारदा लिपींतील भूर्जपत्रें अनेकांनीं पाहिलीं असतील. दोहोंत साम्य आहे तें केवळ झाडाच्या सालीपुरतें. भूर्जपत्र हें अक्षरांस निमूटपणें जागा देणारें आसन होय; त्यास स्वतःचें कांहीं सांगावयाचें नसतें. योल्ङु चित्रकार मात्र ज्या भूमीसंबंधीं चित्र काढतो, तिच्याच मातीनें आणि तिच्याच झाडावर तें काढतो, अशी त्याची भावना असते.

वरील जाळीमुळें चित्राचें पृष्ठ लखलखूं लागतें. ह्या लखलखाटास ‘बिर्युन’ म्हणतात. डोनाल्ड टॉमसन ह्यांनीं १९३७ सालच्या आपल्या टिपणांत ह्या शब्दाची नोंद केली होती. तिच्या आधारें हॉवर्ड मॉर्फी ह्या मानवशास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं जो निबंध लिहिला, त्यांत ही दीप्ति केवळ शोभेसाठीं नसून पूर्वजांच्या सामर्थ्याचा तो आविर्भाव होय, असें साधार दाखविलें आहे. छापील प्रतींत हें तेज उतरत नाहीं. आकृति तेवढ्या उरतात. आम्हीं व आमच्या बहुतेक वाचकांनीं हीं चित्रें छापील प्रतींवरूनच पाहिलेलीं असावयाचीं. म्हणून त्यांतील मुख्य वस्तु कोणती, हा प्रश्न आम्हांस अधिक काळजीनें विचारला पाहिजे.

(३)

आतां ‘कथा’ ह्या शब्दाकडे वळूं. मध्य ऑस्ट्रेलियांतील अरेर्न्ते लोकांच्या भाषेंतील एका शब्दाचें स्पेन्सर व गिलन ह्या संशोधकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘स्वप्नकाल’ अशा अर्थाचें भाषांतर केलें. तें कानास गोड लागल्यामुळें साऱ्या खंडाच्या धर्मकल्पनांस चिकटलें. योल्ङु लोकांचा शब्द ‘वाङार’ असा आहे. ज्यांनीं भूमीवरून संचार करून तिला आजचा आकार दिला ते आद्य पूर्वज आणि त्यांचा तो काल, असे दोन्ही अर्थ त्यांत येतात. ह्यांत निद्रेचा किंवा स्वप्नाचा संबंध नाहीं; आणि जें घडून संपलें असा भूतकाळहि नाहीं. पूर्वज जेथें बसला तेथें खडक आहे, आणि खडक आहे म्हणून पूर्वजहि आहे. यास्काचार्यांनीं ‘पुराण’ शब्दाचें निर्वचन करतांना, जें पूर्वींचें असूनहि नवें होतें तें पुराण, अशा आशयाचा अर्थ लाविला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें तें निर्वचन कोणी मानो वा न मानो. ‘वाङार’ ह्या शब्दाचा भाव कळण्यास त्याच्याइतका जवळचा मार्ग आम्हांस दुसरा सांपडला नाहीं.

योल्ङु समाजाचे दोन अर्धभाग आहेत : धुवा आणि यिरिचा. प्रत्येक कुळ, प्रत्येक जमीन, वृक्ष, प्राणी, वारा आणि पाणी ह्यांची वांटणी ह्या दोहोंत झालेली आहे. विवाह नेहमीं विरुद्ध अर्धभागांत होतो. अपत्य पित्याच्या अर्धभागाचें. धुवा कुळांच्या उत्पत्तीचा मुख्य वृत्तान्त जाङ्कावू ह्यांचा. दोन बहिणी व त्यांचा भाऊ बुराल्कु नांवाच्या दूरच्या बेटावरून, पहांटेच्या ताऱ्याच्या रोखानें होडी वल्हवीत, यालाङ्बारा येथील किनाऱ्यास लागले. त्यांनीं हातांतील दंड जमिनींत रोवला कीं गोड्या पाण्याचा झरा फुटे. दंडाचा वृक्ष होई. बहिणींनीं धुवा कुळांतील आद्य माणसांस जन्म दिला. स्थळांस, प्राण्यांस व वनस्पतींस नांवें दिलीं. कोणत्या कुळाची भूमि कोणती, भाषा कोणती व चिन्हें कोणतीं, तें ठरवून दिलें आणि त्या पुढें गेल्या.

ह्या वृत्तान्तांत मनोरंजन आहे, परंतु त्याचें प्रयोजन मनोरंजन नव्हे. त्यांत दात्याचें नांव आहे, प्रतिग्रहीत्याचें नांव आहे, भूमीच्या चतुःसीमा आहेत, आणि दानाची खूण आहे. ताम्रपट वाचणाऱ्यास ह्याहून अधिक काय सांगावयाचें ?

(४)

रिराचिङु कुळाचे प्रमुख मावालान मारिका (मृत्यु १९६७) ह्यांनीं १९५९ सालीं काढलेलीं जाङ्कावूंच्या वृत्तान्ताचीं मोठीं वल्कलचित्रें सिडने येथील न्यू साउथ वेल्सच्या कलासंग्रहालयांत आहेत. मावालान हें त्यांचें नांवच मुळीं जाङ्कावूंच्या त्या दंडाचें नांव आहे. ह्या चित्रांत उभ्या सालीचे खंड पाडून वृत्तान्ताचे एकेक प्रसंग मांडले आहेत. मनुष्याकृति स्पष्ट आहेत. दंड ओळखूं येतात. बाहेरच्या मनुष्यासहि कोणीं तरी हात धरून गोष्ट सांगावी तसें वाटतें. अशी खंडाखंडांची मांडणी यिर्काला येथें १९५० नंतरच्या दशकांत विशेष वाढली; आणि बाहेरचे ग्राहक, मिशनरी व संग्राहक ह्यांस समजावून सांगण्याची निकड हें तिच्या वाढीचें एक कारण होय.

सामान्य प्रेक्षक ह्या आकृति पाहतो, त्यांस ‘चित्र’ म्हणतो, आणि त्यांच्या भोंवतालची जाळी ही रिकामी जागा भरण्याची नक्षी समजतो. आमचें म्हणणें ह्याच्या अगदीं उलट आहे. ती जाळी व तिची भौमितिक रचना, जिला योल्ङु ‘मिञ्चि’ म्हणतात, तीच कुळाची पूर्वजांकडून आलेली मालमत्ता होय. मनुष्याच्या अथवा प्राण्याच्या आकृति कोणासहि समजतात. म्हणून त्या कोणाच्याहि म्हणतां येतील. परंतु अमुक रुंदीच्या पट्ट्या, अमुक रीतीनें छेदलेलीं वर्तुळें, अमुक लांबीचे चौकट हे एकाच कुळाचे, एकाच स्थळाचे असतात. आणि जाणता मनुष्य तेवढ्यावरून भूमीचें नांव सांगतो. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर मिञ्चि हें मूळ होय, आणि आकृति ही त्यावरील टीका. टीका सुबोध असते म्हणून नवशिका तीच आधीं वाचतो, ह्यांत दोष नाहीं. परंतु टीकेस मूळ समजून मुळास वेलबुट्टी समजणें हा पाठचिकित्सेंतील मोठा अपराध आहे. आणि तो ह्या चित्रांच्या बाबतींत कित्येक संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांतून वर्षानुवर्षें घडत आला आहे.

मावालान ह्यांच्या चित्राचें श्रेष्ठत्व आम्हांस ह्यांतच दिसतें कीं, टीका इतकी विस्तृत असूनहि त्यांनीं मुळास धक्का लागूं दिला नाहीं. बाजारासाठीं घाईनें काढलेल्या कित्येक लहान सालींवर आकृतींची गर्दी होते व जाळी विरळ, ढिली पडते. तेथें टीका उरते व मूळ गळतें. तीं चित्रें सुरेख असतील. पण त्यांतील तेज गेलेलें असतें.

(५)

ह्या कसोटीवर आतां १९६३ सालचे प्रसिद्ध वल्कल-अर्ज पाहूं. त्या वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें यिर्कालाच्या आसमंतांतील ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक भूमि बॉक्साइटच्या खाणीसाठीं तेथील लोकांस न विचारतां राखीव क्षेत्रांतून काढून घेतली. तेव्हां योल्ङु वडीलधाऱ्यांनीं पार्लमेंटास अर्ज केला. मजकूर योल्ङु भाषेंत व इंग्रजींत टंकयंत्रावर लिहिलेला. तो कागद सालीच्या मध्यावर चिकटविलेला. आणि चारहि बाजूंस चित्रांची किनार. एका सालीवर धुवांचीं चिन्हें, दुसरीवर यिरिचांचीं. ते १४ व २८ ऑगस्ट १९६३ रोजीं लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत सादर झाले.

पहिल्या अर्जावर बारा सह्या होत्या : नऊ पुरुष, तीन स्त्रिया. संबंधित मंत्री हॅस्लक ह्यांनीं शंका काढली कीं, हे सही करणारे तरुण आहेत, कुळांचे प्रमुख नव्हेत. तेव्हां पुढच्या अर्जासमवेत वडीलधाऱ्यांचे अंगठे आले. आमच्याकडील महजरांवर पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या आपापल्या धंद्याच्या निशाण्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ह्या शंकेंतील विपरीतपणा चटकन दिसेल. कुळांच्या प्रमुखांची संमति त्या अर्जावर प्रथमपासूनच होती. ती किनारीवर होती. ज्यास तीं चिन्हें काढण्याचा अधिकार नाहीं त्याच्या हातून तीं निघालींच नसतीं. मंत्र्यांनीं मध्यावरील कागद वाचला व किनार शोभेची मानली. पोथींत मूळ मध्यावर व टीका समासांत असते. येथें तो क्रम उलटा होता. समासांत मूळ होतें, आणि मध्यें होती ती परकीयांसाठीं केलेली टीका.

पार्लमेंटानें चौकशी-समिति नेमली, समितीनें नुकसानभरपाईची व पवित्र स्थानें राखण्याची शिफारस केली, आणि खाण झालीच. पुढें १९७१ सालीं न्या. ब्लॅकबर्न ह्यांनीं योल्ङुंची व्यवस्था ही खरोखर नियमबद्ध कायद्याची व्यवस्था आहे असें मान्य केलें. पण त्या व्यवस्थेंतील भूमीचा संबंध आपल्या कायद्याच्या अर्थानें मालमत्ता नव्हे, असें म्हणून दावा काढून टाकला. मूळ अस्सल आहे हें कबूल, पण त्याची लिपि आमच्या दप्तरची नाहीं, अशा मासल्याचा हा निकाल होय. त्यानंतर १९७६ चा भूमिहक्कांचा कायदा झाला, १९९२ चा माबो निकाल झाला. आणि १२ मार्च २०२५ रोजीं गुमाच कुळाच्या दाव्यांत तेथील वरिष्ठ न्यायालयानें, असे मूळ हक्क नष्ट करणें म्हणजे मालमत्ता घेणेंच होय व त्यास न्याय्य मोबदल्याचा नियम लागू पडतो, असें ठरविलें. किनार वाचावयास बासष्ट वर्षें लागलीं.

(६)

चित्र हें सनदेसारखें असेल तर तें कोणीं लिहावें, हा प्रश्न आपोआप येतो. आणि येथें ‘स्फुरलेलीं’ हा शब्द अगदींच निकामी ठरतो. कवीस स्फूर्ति होते. कुळकर्ण्यास सनद स्फुरत नाहीं. योल्ङु चित्रकारास पित्याच्या कुळाचीं चिन्हें वारशानें मिळतात. आईच्या कुळाच्या चिन्हांवर त्याचा निराळा, देखरेखीचा संबंध असतो. कुळाच्या मुलींचीं मुलें त्या कुळाचे ‘जुङाया’ होत. विधि नीट होतो कीं नाहीं, चिन्ह योग्य ठिकाणीं व योग्य रीतीनें निघतें कीं नाहीं, हें पाहणें त्यांचें काम. म्हणजे मालक एका अर्धभागाचा आणि तपासनीस दुसऱ्या अर्धभागाचा. बनावट दस्तऐवजास आळा घालण्याची ह्याहून शहाणपणाची योजना आमच्या पाहण्यांत थोडीच आहे.

मावालान ह्यांचे पुत्र वान्जुक मारिका ह्यांस एकदां आपलें पवित्र चित्र भांडीं पुसण्याच्या फडक्यांवर छापून विकलें जात असल्याचें आढळलें. त्यांनीं कित्येक वर्षें कुंचला हातीं धरला नाहीं. त्यांची बहीण बान्डुक मारिका ह्यांच्या चित्राचा गालिचा करून विकण्यांत आला. १९९४ सालीं फेडरल कोर्टानें त्यांस व त्यांच्याबरोबरच्या इतर चित्रकारांस मिळून सुमारे १,८८,००० डॉलर देवविले. ह्या दाव्यांत पैशापेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळी होती. चिन्हाचा दुरुपयोग दुसऱ्यानें केला तरी स्वकुळांत जाब विचारला जातो तो चित्रकारास. कारण तें त्याच्या हातीं ठेव म्हणून दिलेलें असतें. यालाङ्बाराचें पवित्र पाणवठ्याचें चिन्ह परक्यांच्या पायांखालीं पसरलें जावें, ह्यांतील वेदना समजण्यास कलेचें ज्ञान लागत नाहीं.

(७)

ब्लू मड उपसागराच्या कांठीं मादार्पा कुळाचें गाराङाली नांवाचें स्थान आहे. तें बारू ह्या मगररूपी पूर्वजाचें. अग्नीनें पाठ पोळली तेव्हां बारू समुद्रांत शिरला; मगरीच्या पाठीवरील खवले हे त्या पोळल्याचे व्रण. मादार्पांचें चिन्ह शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटांची सांखळी आहे. तांबडा रंग ज्वालांचा, पांढरा धुराचा व राखेचा, काळा कोळशाचा. हा अग्नि समुद्राच्या पाण्याखालीं जागाच आहे, असें ते मानतात. संस्कृतज्ञांस येथें वडवानल आठवल्यावांचून राहणार नाहीं. पण अशा साम्यावरून एकाची उत्पत्ति दुसऱ्यापासून काढण्याचा मोह आम्ही आवरतों व वाचकांनींहि आवरावा. साम्य हें समजण्यास उपयोगी पडतें. पुरावा म्हणून उपयोगी पडत नाहीं.

ह्या स्थानीं १९९६ सालीं जाम्बावा मारावीली ह्या मादार्पा प्रमुखांस चोरट्या मच्छीमारांचा तळ आढळला, आणि तेथें गोणींत मगरीचें कापलेलें मुंडकें मिळालें. त्याचें उत्तर म्हणून ४७ चित्रकारांनीं ८० वल्कलचित्रें काढलीं. कोणत्या पाण्यावर कोणत्या कुळाचा हक्क आहे, तें त्यांत स्थळवार मांडलें आहे. हा संग्रह आज सिडनेच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयांत आहे. १९६३ च्या अर्जांशीं तुलना केली असतां एक फरक लक्षांत येतो : मध्यावरील कागद आतां गळाला आहे, चित्र स्वतःच बोलतें. पुढें ३० जुलै २००८ रोजीं ब्लू मड उपसागराच्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयानें, भूमिहक्कांच्या कायद्याखालीं दिलेल्या किनाऱ्यावरील भरतीओहोटीच्या पाण्यांत शिरावयास त्या भूमीच्या मालकांची परवानगी लागते, असा निर्णय दिला. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्यास तो लागू पडतो.

ह्याच सुमारास यिर्कालाच्या चित्रांत आणखी एक वळण आलें. आकृति जाळींत विरघळूं लागल्या. निरखून पाहिलें तर मगर दिसते, नाहीं तर नुसतें पाणी. ह्या अंधुकपणास ‘बुवायाक’ म्हणतात, आणि २००३ सालीं सिडने येथें ह्याच नांवानें एक प्रदर्शन भरलें. कित्येकांस ह्यांत नवीन पाश्चात्य अमूर्त चित्रकलेचें अनुकरण दिसलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. मावालान ह्यांच्या पिढीनें टीका वाढविली, कारण ऐकणारा अनभिज्ञ होता. जाम्बावांच्या पिढीनें ती आटोपती घेतली, कारण इतक्या वर्षांनंतर ऐकणाऱ्यानें मूळ वाचावयास शिकावें अशी तिची अपेक्षा आहे. ह्या चित्रांतील मौन हें अभिमानाचें मौन आहे. आणि कलादृष्ट्याहि, आमच्या मतें, यिर्कालाच्या चित्रकलेचें हें सर्वांत प्रौढ रूप होय.

(८)

कोणी म्हणेल, चित्रास सनद म्हटल्यानें त्याचें सौंदर्य मारलें जातें. हा आक्षेप बिर्युनच्या विचारानें आपोआप सुटतो. ज्या चित्रांत तेज नाहीं तें योल्ङु दृष्टीनें सुंदर तर नाहींच, पण प्रमाणहि नाहीं. तेथें सौंदर्य हें साक्षीदाराचें काम करितें.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो आमच्या स्वतःच्या व्यवसायावर येतो. जो कागद सांपडेल तो वाचावा, जो वाचला तो छापावा, हें आमचें ब्रीद. ह्या चित्रांचे अर्थ मात्र पायऱ्यापायऱ्यांचे आहेत : बाहेरचा अर्थ सर्वांस, आंतला अधिकाऱ्यास. मग संशोधकानें काय करावें ? आमचें उत्तर असें कीं, जेवढें सांगितलें गेलें तेवढेंच नमूद करावें, आणि जें सांगितलें नाहीं तेथें चित्र अपुरें आहे असें समजूं नये. दात्यानें मोहोर केलेली थैली न फोडतांहि थैलीची नोंद करितां येते.

संग्राहकांसाठीं व्यवहाराची सूचना एवढीच. अशा वल्कलचित्राची नोंद करितांना ‘आदिवासी, स्वप्नकाल, चित्रकार अज्ञात’ असें लिहून थांबूं नये. अर्धभाग कोणता, कुळ कोणतें, स्थळ कोणतें, काढणाऱ्याचा त्या चिन्हाशीं संबंध पित्याकडून कीं आईकडून, आणि दाखविण्यास संमति कोणाची, हीं पांच कलमें मिळतील तितकीं टिपावीं. तीं मिळाल्यावांचून चित्राची किंमत सांगतां येईल. चित्र सांगतां येणार नाहीं.

१९६३ च्या अर्जांच्या सालप्रती चार होत्या. दोन कॅनबेरा येथें पार्लमेंटाच्या इमारतींत आहेत, तिसरी राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. चौथीचा पत्ता बरींच वर्षें नव्हता. ती पश्चिम ऑस्ट्रेलियांत डर्बी येथें एका खाजगी घरांत जपून ठेविलेली आढळली आणि २०२३ च्या अखेरीस यिर्कालास परत गेली. ज्यांच्या घरीं ती होती त्यांनीं ती साठ वर्षें सांभाळली, आणि वेळ येतांच ज्यांची होती त्यांस दिली. संग्राहकाचा धर्म ह्या दोन्ही क्रियांत आहे, आणि पहिलीइतकाच दुसरींतहि आहे, असें आम्हांस वाटतें. इत्यलम्.